श्रमदान आणि श्रमाचे मोल

सह्याद्रीतील घाटवाटा दुरुस्त करण्यासाठी सुट्टीच्या दिवशी पहारी-घमेली घेऊन चढणाऱ्या तरुणांचे कौतुक करावे तितके थोडेच. उभ्या चढणीवर पावसाचे पाणी वाटेचाच ओढा करते. माती वाहून जाते, दगड निखळतात. म्हणून पाणी बाजूला काढणारी आडवी चर आधी खणावी लागते, पायरी मागाहून. हे ज्ञान पायथ्याच्या वाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग त्यांनाच या कामाची मजुरी का मिळू नये? १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारावा लागतो, ही नामुष्की आहे. घाटवाट ही केवळ गिर्यारोहकांची हौस नव्हे. रस्ता नसलेल्या वाडीतील आजाऱ्याला डोलीत घालून याच वाटेने उतरवावे लागते. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. सातवाहनांना वाटेचे मोल कळत होते, निदान वसुलीपुरते तरी! तरुणांनी घमेले खाली ठेवू नये. मात्र वाडीतील मजुरांसह तहसील कचेरीची पायरीही चढावी आणि वाटेची दुरुस्ती हमीच्या कामांत घेण्याची लेखी मागणी करावी.