कार्डाचे आकडे ओळखले, म्हणून तो बँकेचा माणूस ठरत नाही

‘तुमचे कार्ड ४ ने सुरू होते ना? पुढचे आकडे मी सांगतो, तुम्ही फक्त हो म्हणा.’ फोनवर असे कोणी म्हणाले, की कोपरगावच्या बाजारपेठेतला दुकानदार असो, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार असो की शिर्डी रस्त्यावरचा लॉजचालक, समोरच्यावर चटकन विश्वास बसतो. ज्याला नंबर ठाऊक तो बँकेचाच असणार, असा सरळ हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो, हे त्या नंबरातच दडलेले आहे.

कार्डावरचा पहिला अंक कंपनीची ओळख देतो. ४ म्हणजे व्हिसा. ५१ ते ५५ ने सुरू होणारे कार्ड मास्टरकार्डचे. या कंपनीची काही नवी कार्डे २ नेही सुरू होतात. ३४ किंवा ३७ दिसले तर ते अमेरिकन एक्स्प्रेस, आणि त्यावर १६ नव्हे, १५ अंक असतात. आपल्याकडच्या रुपेची कार्डे बहुधा ६० किंवा ६५ ने, काही ८१, ८२ किंवा ५०८ ने सुरू होतात. किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवर यूपीआयने क्रेडिट कार्ड चालवायचे असेल तर हा फरक कामाला येतो. ती सोय २०२२ मध्ये सुरू झाली ती रुपे क्रेडिट कार्डांसाठीच.

पहिल्या अंकापासूनचे ६ अंक, आणि नव्या पद्धतीत ८ अंक, बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच छापलेले असतात. त्यात गुपित काही नाही. बँक आणि कार्डाचा प्रकार कळला की हे आकडे कोणालाही काढता येतात. म्हणजे फोनवरचा माणूस जे ‘ओळखून’ दाखवतो, ते ग्राहकाचे नसून बँकेचे असते. गाडीच्या पाटीवरचे ‘एमएच १७’ वाचून कोणी ‘मी तुमच्या घरचाच’ म्हणावे, तसे हे झाले.

त्यानंतरचे अंक त्या ग्राहकाच्या कार्डाचे. बँक खात्याचा नंबर तो हा नव्हे. कार्ड बदलले की हाही बदलतो. अगदी शेवटचा अंक मात्र तपासणीचा. आयबीएममधले अभियंते हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळाले. रीत सोपी आहे. उजवीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करायचे, दुप्पट करून ९ पेक्षा जास्त आले तर त्यातून ९ वजा करायचे, मग सगळ्यांची बेरीज. तिला १० ने पूर्ण भाग गेला तर नंबर बरोबर. चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ४१११ ११११ ११११ ११११ या नंबराची बेरीज ३० येते. मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच ठरतो. नंबर टाकताना एखादा अंक चुकला तर पकडला जावा, एवढ्यासाठी ही तपासणी. चोर अडवण्यासाठी ती मुळातच नाही.

आता नगर-मनमाड रस्त्यावरच्या एखाद्या पेट्रोलपंपावर फेकून दिलेली पावती घ्या. तिच्यावर कार्डाचे शेवटचे ४ अंक असतात. पहिले ८ बँकेवरून कळले, तर १६ पैकी १२ हाती आले. उरलेल्या ४ अंकांच्या शक्यता १०,००० आणि लून यांच्या कसोटीवर त्यातल्या फक्त १,००० टिकतात. संगणकाला हा क्षणाचाही खेळ नाही. कुलूप आहे ते मुदतीची तारीख, मागचे ३ अंक आणि ओटीपी यांचे. म्हणूनच फोनवरचा माणूस नंबर स्वतः सांगतो आणि ओटीपी मात्र मागतो.

इथेच पैशांचा प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पण ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असे संदेश बँका उठसूट पाठवतात. पण ‘फोन करणाऱ्याला तुमचा कार्ड नंबर ठाऊक असला तरी तो आमचा माणूस असेलच असे नाही’, हे वाक्य त्यात सहसा नसते. फसवणूक नेमकी त्या फटीतून आत शिरते, तेव्हा कार्ड देतानाच्या माहितीपत्रकात पहिली ओळ हीच हवी. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या सभांना सभासद मोठ्या संख्येने येतात. तिथे १० मिनिटे हे समजावणे अवघड नाही.

परदेशातल्या काही संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात. ज्यांना तशी खरेदी करायची नसते, त्यांना बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवता येतात. पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करायचे आणि लगेच १९३० वर फोन लावायचा.