रोजचें लिहिणें आणि प्रेमकथेचा कित्ता

गोखिवऱ्याहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. वसईरोड स्थानकाच्या पूर्वेचें हें गांव आतां वसई-विरार शहर महानगरपालिकेंत मोडतें, आणि तेथील पुष्कळ मंडळींप्रमाणें या बाईंचाहि दिवस मुंबईच्या लोकलगाडीच्या वेळेवर बांधलेला आहे. घरांत सासूसासरे, दीर-जाऊ आणि मुलें मिळून नऊ माणसें. पहांटे साडेचार ते साडेपांच एवढा एकच तास त्यांचा स्वतःचा. गेलीं दोन वर्षें त्या तासांत त्या रोज दोन पानें लिहितात. एकहि दिवस चुकलेला नाहीं असें त्या अभिमानानें कळवितात, आणि तो अभिमान रास्त आहे. त्यांना प्रेमकथा लिहावयाची आहे, तीहि चांगली ऐसपैस कादंबरी. परंतु लिहिलेलें जमत नाहीं हें त्यांचें त्यांनाच दिसतें. तंत्र शिकावें म्हणून पुस्तक हातीं घ्यावें, तर सारा तास त्यांतच जातो. आणि लिहिणें एकदां मोडलें कीं पुन्हां जडणार नाहीं ही धास्ती. संवय राखावी कीं विद्या शिकावी, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं जरा भीतभीत त्यांनीं आणखीहि एक विचारलें आहे. त्याकडे मागाहून वळूं.

मराठी कादंबरींत या प्रश्नाचीं दोन टोकें दिसतात. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र सुरू केलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांतून क्रमशः दिली. साप्ताहिक चालवावयाचें म्हणजे दर आठवड्यास मजकूर हवा. छापखाना कोणाच्या स्फूर्तीसाठीं खोळंबत नाहीं. या सक्तीनें हरिभाऊंना आपल्या पात्रांचा असा कांहीं सहवास घडला, कीं यमुनेचें बोलणें वाचतांना लेखक पुरुष आहे हें आपण विसरतों. याच सक्तीनें पाल्हाळहि आला, हें त्यांचे चाहतेसुद्धां नाकारीत नाहींत.

दुसरें टोक ना. सी. फडक्यांचें. ललितलेखन ही शास्त्रशुद्ध रीतीनें अभ्यासतां येण्याजोगी कला आहे, असा आग्रह त्यांनीं १९३१ सालीं 'प्रतिभासाधना'त धरला. त्याच्या आधींच 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) या प्रेमकथा लिहून त्यांनीं आपलें कसब दाखविलें होतें. कथेची गांठ कोठें मारावी आणि कधीं सोडावी, हें त्यांच्याइतकें नीटस थोड्यांनाच साधलें. मात्र त्यांचें पाहून लिहूं लागलेल्या कित्येकांच्या हातीं नुसती गांठच राहिली. तींत बांधावयाचें माणूस सांपडलें नाहीं.

आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जातें. हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' (१८८५) ही रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारानें लिहिलेली, आणि फडक्यांची 'अल्ला हो अकबर' (१९१७) ही मेरी कोरेलीच्या एका कादंबरीच्या आधारानें. लिहितेवेळीं दोघेहि विशींतले. म्हणजे संवयीचा वाली आणि तंत्राचा वाली, दोघांनींहि आरंभीं दुसऱ्याच्या अक्षरावरून कित्ताच गिरविला! कित्ता गिरविणारें मूल लिहीत असतें कीं शिकत असतें, असें कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां या भगिनींनीं तास मोडूं नये. संवय जपावयाची ती बसण्याची. बसून काय लिहावें हें बदलतां येतें. स्वतःस खरोखर आवडलेली एक प्रेमकादंबरी निवडावी. ती थोरच असली पाहिजे असें नाहीं. चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी'ला, जीवरून १९६९ चा 'दो रास्ते' हा चित्रपट निघाला, विद्वानांनीं मान दिला नसेल. पण वाचक शेवटपर्यंत कसा धरून ठेवावा हें शिकावयास असें पुस्तक बरें. एकेका प्रकरणाबद्दल आपल्या वहींत लिहावें: येथें कोणास काय हवें आहे, कोण काय लपवीत आहे, आणि प्रकरण संपतांना वाचकापासून काय राखून ठेविलें आहे. दोन पानें सहज भरतात. आठवड्यांतून दोन दिवस हें केलें तर पुरे. उरलेल्या दिवशीं स्वतःचें लिहावें. फक्त नवीन प्रसंग लिहिण्याचा हव्यास थोडा आवरून जुनाच एक प्रसंग तीनदां लिहावा, एकदां तिच्या बाजूनें, एकदां त्याच्या, आणि एकदां दाराआडून ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या. दोन वर्षांच्या रोजच्या लिखाणानें हात वाहता होतो हें खरें, पण तीच ती चूकहि तितक्याच सहजतेनें वाहूं लागते.

प्रेमकथेचें मर्म अडथळ्यांत आहे. हीं दोघें आजच कां एकत्र येत नाहींत, याचें पटणारें उत्तर नसेल तर सुंदर वर्णनें वायां जातात. आपल्या घरांत हा अडथळा कसा बदलत गेला तें पाहण्यासारखें आहे. हरिभाऊंच्या काळीं मुलीचें लग्न बाळपणींच होई, म्हणून प्रेम जें काय जमावयाचें तें लग्नानंतर, सासरच्या दहा डोळ्यांदेखत. पुढें मुली शिकूं लागल्या. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें. आणि महाविद्यालयांत भेटणारीं नायक-नायिका कथेंत आलीं. तेव्हां आड येई ती जात, पैसा वा वडिलांचा शब्द. आज कायदा आड येत नाहीं, आणि चिठ्ठी भलत्याच्या हातीं पडण्याची सोयहि खिशांतल्या दूरध्वनीनें लेखकापासून हिरावून घेतली. आतां अडथळा माणसांच्या स्वभावांतूनच काढावा लागतो, आणि तें अधिक अवघड आहे.

परंतु या भगिनींपाशीं एक ठेवा आहे, आणि तो त्यांना दिसलेला नाहीं. त्यांच्या कथेचा नायक परदेशांतून येतो, नायिका एकटी राहते. कशासाठीं? नऊ माणसांच्या घरांत नवराबायकोला दोन शब्द बोलावयास जागा नाहीं. बाहेर पडावें तर लोकलमध्यें स्त्रियांचा डबा निराळा. उरतात फलाटावरचीं चार मिनिटें. हा अडथळा कोणत्याहि खलपुरुषाहून बळकट आहे, आणि त्यांत कोणाचाच दोष नाहीं.

आतां तो दुसरा प्रश्न: घरच्यांस प्रेमकथा रुचणार नाहीं, तर टोपणनांव घ्यावें काय? अवश्य घ्यावें. मालतीबाई बेडेकरांनीं १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलें तें विभावरी शिरूरकर या नांवानें, आणि जो गहजब व्हावयाचा तो त्या नांवावर झाला. पण टोपणनांव बाहेरच्या जगासाठीं. पत्रांत ओझरतें आलें आहे कीं पहांटेचें पाणी जाऊबाई भरतात. या तासाची किंमत त्या दोन वर्षें भरीत आहेत आणि ती कशासाठीं हें त्यांना ठाऊक नाहीं. हें आम्हांस बरें वाटत नाहीं. त्यांना सांगावें, आणि कांहीं दिवस पाण्याची पाळी आपण घ्यावी; तास अर्धा झाला तरी एक पान होतें.

फलाटावरच्या चार मिनिटांचा प्रसंग लिहून झाला, कीं तोहि प्रथम जाऊबाईंनाच वाचून दाखवावा. त्या मध्येंच उठून गेल्या तर कोणत्या वाक्याला उठल्या, तेवढें तेथें खूण करून ठेवावें.