परतलेल्यांचा दिवस

14 जानेवारी ही तारीख मराठी मनात दोन कारणांनी रुजलेली आहे. एक संक्रांतीचे, दुसरे 1761 सालच्या पानिपताचे. दिल्लीत या तारखेला अलीकडे तिसराही अर्थ लाभला आहे. भारतीय सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा 14 जानेवारी 1953 रोजी निवृत्त झाले. त्या स्मरणार्थ हा दिवस माजी सैनिकांच्या सन्मानाचा म्हणून पाळला जातो. तारीख ठरविणाऱ्यांच्या मनात पानिपत नसणार. पण ते रणक्षेत्र आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते, आणि दिल्लीतील मराठी माणसाला या योगायोगाकडे डोळेझाक करता येणार नाही. एकाच दिवशी त्याला न परतलेल्यांचेही स्मरण करावयाचे असते आणि परतलेल्यांचेही.

यांपैकी पहिल्या स्मरणाची आपल्या भाषेला सवय आहे. 'पानिपत होणे', 'संक्रांत कोसळणे', 'विश्वास तर पानिपतात गेला' हे सारे वाक्प्रचार सर्वनाशाचे आहेत. धारातीर्थी पडलेल्यासाठी मराठीने वीरगळ उभारले, पोवाडे रचले, 'हुतात्मा' हा शब्द रूढ केला. जो जिवंत परतला त्याच्या वाट्याला मात्र 'माजी सैनिक' हा कचेरीतला शब्द आला. हा शब्द माणूस आता काय नाही एवढेच सांगतो. त्याने काय पाहिले आणि काय सोबत आणले याविषयी तो मुका आहे.

वस्तुतः पानिपतानंतरचा मराठ्यांचा इतिहास घडविला तो परतलेल्यांनीच. महादजी शिंदे पायाला झालेल्या जखमेने जन्माचे अधू होऊन परतले आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने 1772 साली बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत आला. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. ते तलवारीचे नव्हे, लेखणीचे. पण रणातून जीव घेऊन निघण्याचा अनुभव त्यांनाही चुकला नाही. त्या धावपळीत त्यांची आईशी कायमची ताटातूट झाली.

नानांनी हे लिहून ठेवले आहे. त्यांचे त्रोटक आत्मचरित्र आपण आजवर इतिहासाचे साधन म्हणून, फार तर मराठी आत्मचरित्राचा प्रारंभ म्हणून वाचत आलो. भाऊसाहेबांची बखर थोरांचे शौर्य आणि दैवाची गती सांगते. नानांच्या लेखनात स्वतःच्या उणिवांची कबुली आहे आणि वाचल्याचे ओझे आहे. परतलेल्या माणसाची साक्ष म्हणून हा ग्रंथ वाचला गेला, तर मराठी युद्धसाहित्याची आपली कल्पनाच पालटेल.

त्याच काळातील दुसरी घटनाही येथे आठवते. सदाशिवरावभाऊ परत आले, असा दावा करणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गोळा झाली, आणि अखेर 1776 साली त्याला देहान्त शासन झाले. पंधरा वर्षे लोटली तरी भाऊंचे न येणे समाजाला मान्य करवत नव्हते. गेलेल्याची वाट पाहण्यात मन असे गुंतून पडले की शेजारी बसलेल्या, खरोखरच परतलेल्या माणसाला विचारपूस करायचे राहून जाते.

आजच्या दिल्लीतही हे अंतर दिसते. 2019 साली लोकार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात हुतात्म्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. ते योग्यच आहे. पण 2015 साली याच शहरात जंतरमंतरवर 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' या मागणीसाठी माजी सैनिकांना कित्येक महिने बसावे लागले, हेही विसरता कामा नये. जिवंत माणसाचा सन्मान स्मारकासारखा निःशब्द नसतो. त्याला हक्क असतात, तक्रारी असतात, आठवणी असतात.

सत्कार स्वीकारणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा दिवस निर्भेळ आनंदाचा असणे कठीण. गळ्यात हार पडताना शेजारचा जो परतला नाही तो आठवतो, आणि हा मान आपला एकट्याचा कसा, हा प्रश्न उरतो. त्या प्रश्नाला हार-तुऱ्यांनी उत्तर मिळत नाही. त्याचे बोलणे कोणी तरी पूर्णपणे ऐकून घ्यावे लागते. मराठा पलटणीतील, महार पलटणीतील जवानांचे कथन त्यांच्याच बोलीत टिपून ठेवणे, त्याची साहित्यात गणना करणे, ही विद्यापीठांनी पत्करावयाची जबाबदारी आहे. ज्याला बोलावयाचे नसेल त्याच्या मौनाचाही मान राखला पाहिजे. पण बोलू इच्छिणाऱ्यांपाशी जाण्यास विलंब करून चालणार नाही. त्यांचे वय थांबत नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण 'गोड बोला' म्हणतो. या एका घरी त्याच दिवशी, गोड नसले तरी खरे ते बोला, असे म्हणता आले पाहिजे.