वाजवाल तर खबरदार!

चांगल्या कपबश्या शोकेसमध्ये मांडून ठेवायच्या आणि आपण मात्र कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी कुलपरंपरा आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. कपबशीला चहाची ओढ असते असे अजून कुणी सिद्ध केलेले नाही. वाद्याची गोष्ट निराळी. वाद्य काचेच्या कपाटात ठेवून वर ‘हात लावायचा नाही हं!’ असे पाहुण्याला बजावणारा माणूस भेटला की माझे डोके फिरते. आणि असा माणूस नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी जन्माला यावा, हे माझे प्राक्तन.

माझा हा भाचा शिकागोजवळ राहतो. पगार सांगण्यासारखा असल्यामुळे तो सांगत नाही. त्याच्या तळघरात एकोणीस इलेक्ट्रिक गिटारी आहेत आणि त्यांतली एकही गिटारीसारखी दिसत नाही. संग्रहाचा विषयच तो! आपल्या डोळ्यांना सवय आहे ती कमरेत बारीक, वर-खाली गोलाई असलेल्या गिटारीची. इथे एक लंगोटीपतंगासारखी, एक अश्रूच्या थेंबासारखी, एक थेट अमेरिकेच्या नकाशासारखी. नकाशाची मला मोठी मौज वाटली. नॅशनल या नावाने शिकागोच्याच व्हॅल्को कंपनीने १९६२च्या सुमारास त्या काढल्या. लाकूड नाहीच, फायबरग्लासच्या दोन करवंट्या एकावर एक मिटवून कडेने पट्टी लावलेली. चौथीच्या भूगोलाच्या पेपरात आम्ही काढत असू तसा नकाशा. फ्लोरिडा जरा इकडे, टेक्सास जरा तिकडे, पण देश ओळखू येतो.

‘वाजवून दाखव की एखादी,’ मी म्हणालो.

‘छे छे मामा, या वाजवायच्या नाहीत.’

‘मग?’

‘इन्व्हेस्टमेंट आहे. आणि हेरिटेज.’

एका वस्तूला एकाच वाक्यात गुंतवणूक आणि वारसा म्हणणारा माणूस हमखास ती विकायच्या तयारीत असतो. पण ते जाऊ दे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मी दोन वर्षे गिटार बडवलेली आहे. बडवलेलीच, कारण वाजवणारा दुसरा होता. तेवढ्या अधिकारावर मी या मंडळींशी चार शब्द भांडणार आहे.

या वेडाचे आद्यपीठ म्हणजे मिशिगन राज्यातले कालामझू. नाव आपल्याकडच्या एखाद्या आडगावाला शोभेल असे, पण गिब्सन कंपनीचा नावाजलेला कारखाना तिथे होता. पन्नाशीच्या दशकात या कंपनीवर ‘सोवळ्यातली म्हातारी’ असा शिक्का बसू लागला. कॅलिफोर्नियातला फेंडर सपाट फळीच्या गिटारी विकून पुढे चाललेला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी मनावर घेतले आणि १९५७ साली तीन चमत्कारिक आकारांच्या पेटंटसाठी अर्ज झाले. त्यांतला एक म्हणजे ‘फ्लाइंग व्ही’. कंपासपेटीतल्या कर्कटकाने तंगड्या फाकाव्यात तशी ही गिटार. आफ्रिकेतल्या लिंबा नावाच्या फिकट लाकडाची. व्यापारातले त्याचे नाव कोरिना. बसून वाजवायला घेतली तर मांडीवरून घसरते. म्हणून खालच्या तंगडीच्या कडेला खाचा पाडलेली रबराची पट्टी बसवली. बाण सुटू नये म्हणून रबर लावणारा हा जगातला एकमेव धनुर्धारी कारखाना असावा.

किंमत होती २४७ डॉलर ५० सेंट. १९५८ साली कारखान्यातून ८१ बाहेर पडल्या, १९५९ साली १७. एकूण अठ्ठ्याण्णव. जोडीला आलेली ‘एक्सप्लोरर’ तर त्याहून कमी खपली. दुकानदारांनी काय करावे? काहींनी ती गिटार दुकानाच्या पाटीसारखी टांगली! आज त्या अठ्ठ्याण्णवांतली एखादी विकायला निघाली, तर लाखाच्या वर डॉलर पडतात, आणि तरी घेणारा ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून पेढे वाटतो. माझ्या भाच्याकडे ती नाही. तो तिचा फोटो पाकिटात ठेवतो. सूनबाईंचा फोटो कुठे असतो, ते मी विचारलेले नाही.

आता मुद्द्याचे बोलू. पाटी म्हणून टांगलेल्या फळीला ही किंमत आली कुणामुळे? कपाटवाल्यांमुळे? ते तर पुष्कळ उशिरा आले. १९५८ साली इंडियानातल्या लॉनी मॅक नावाच्या मिसरूडही न फुटलेल्या पोराने ती बाणासारखी दिसते म्हणून विकत घेतली. आणि घेऊन काय केले? तिच्या दोन तंगड्यांमध्ये आडवी लोखंडी दांडी ठोकली आणि तारा थरथरवायचे बिग्सबी नावाचे यंत्र वर बसवले. अठ्ठ्याण्णवांतल्या एका गिटारीला भोके पाडली हो त्याने! आजच्या संग्राहकाला हे वाचूनच लिंबूपाणी द्यावे लागेल. पण त्याच गिटारीवर त्याने ‘मेम्फिस’ वाजवले आणि १९६३ साली ते अमेरिकाभर गाजले.

दुसरा ब्लूजवाला अल्बर्ट किंग. हा डावखुरा. साध्या गिटारी उजव्या हाताच्या माणसांसाठी कापलेल्या असतात. त्या उलट्या धरल्या की बोटे वरच्या स्वरांपर्यंत पोचेनात, कारण खाच भलत्या बाजूला जाते. फ्लाइंग व्ही दोन्हीकडून सारखी. उलटी धरा, सुलटी धरा, तिला फरक पडत नाही. ज्या आकाराला लोक हसले, तो एका डावखुऱ्या माणसाला मापाने शिवल्यासारखा बसला. ही गोष्ट कपाटात ठेवून कळली असती का? ती कळायला एका धिप्पाड माणसाने गिटार गळ्यात अडकवून वर्षानुवर्षे घाम गाळावा लागला.

तिसरा किंक्स या इंग्रज मेळ्यातला डेव्ह डेव्हिस. १९६५ साली विमान कंपनीने त्याची गिटार हरवली. (सामान हरवण्याची कला तेव्हाही प्रगत होती.) लॉस एंजेलिसच्या एका दुकानात धूळ खात पडलेली व्ही त्याला हलक्या किमतीत मिळाली. बसत नाही म्हटल्यावर त्याने सरळ तिच्या दोन तंगड्यांतून हात घातला आणि टेलिव्हिजनवर वाजवली. चौथा जिमी हेंड्रिक्स. त्याने आपल्या व्हीवर स्वतःच्या हाताने वेलबुट्टी रंगवली. ती १९६७ची, कारण तोवर कंपनीलाही जाग येऊन तिने हा आकार पुन्हा काढला होता. नगण्य फळीला मोल आले ते या चौघांच्या आणि यांच्यासारख्या आणखी काही जणांच्या हातांनी. पीक त्यांनी काढले आणि आता गुप्तधनाच्या हंड्यावर बसलेल्या नागोबासारखे हे कपाटवाले त्यावर फणा काढून बसले आहेत.

बरे, यांच्या सोवळ्याची कलमे तरी ऐका. गिटारीचा मूळ रंग खरवडून नवा दिला की किंमत साधारण निम्म्यावर आली. आतला एक स्क्रू बदलला की आली गदा. तारेच्या जोडावरचा डाखसुद्धा कारखान्याचाच हवा. पूर्वी कुणी तो वितळवला तर नाही ना, हे बघायला हे लोक भिंगे घेऊन बसतात. आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बघत, पण मुलीच्या पणजीचा डाख कुणी तपासला नव्हता. आणि गंमत अशी, की हेंड्रिक्सने रंगवली तर देवाचा प्रसाद, शेजारच्या पोराने रंगवली तर सत्यानाश. हेंड्रिक्सही कधीतरी कुणाच्या शेजारचे पोरच होता की!

त्या तीन अर्जांतल्या तिसऱ्या आकाराची कथा तर शशशृंगाची आहे. ‘मॉडर्न’ हे तिचे नाव. अर्ज झाला, चित्र आहे, पण पन्नाशीच्या दशकात ती प्रत्यक्ष बनून विकली गेल्याचा निर्विवाद पुरावा एकही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ती नव्याने काढली, ती वेगळी. तरी खरी, मूळची, पहिली मॉडर्न शोधण्यात कित्येकांचे केस पांढरे झाले. मला विचाराल तर संग्राहकाला शोभणारी गिटार हीच. वाजत नाही, झिजत नाही, अस्तित्वातही नाही. किमतीला वरची मर्यादा नाही.

श्रीमंतांचे खेळ म्हणून मी हे सोडूनही दिले असते. राग येतो तो गरिबाघरच्या गिटारींवरही ही धाड पडली म्हणून. इटलीत कास्तेल्फिदार्दो आणि रेकानाती ही शेजारशेजारची गावे. तिथली मंडळी अकॉर्डियन बनवणारी. अकॉर्डियनची मागणी घसरली तशी एको कंपनी गिटारीकडे वळली आणि अकॉर्डियनवरचाच चमचमता मुलामा तिने गिटारीवर चढवला. बटणेही तशीच, ओळीने. जणू हार्मोनियमवाल्याने सतार करायला घेतली. जपानच्या टायस्को कंपनीने तर आकारांचा जत्रेतला बाजार मांडला. एकीची शिंगे, दुसरीला रंगाऱ्याच्या पॅलेटचे रूप. अमेरिकेत त्या मोठ्या दुकानांतून, टपालाने, स्वस्तात विकल्या गेल्या. बापाने ‘हे घे आणि गप बस’ म्हणून पोराला आणून द्यायची गिटार ती. पोर अर्थातच गप बसले नाही.

शिकागोच्या त्याच व्हॅल्कोने एअरलाइन नावाच्या फायबरग्लासच्या गिटारी एका साखळी दुकानासाठी केल्या होत्या. व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटने त्यांतली लाल रंगाची एक गळ्यात अडकवून जग हिंडले, आणि झाले! लोकांनी माळ्यांवरून अशा गिटारी काढल्या, पुसल्या आणि वाजवायच्या सोडून भाव विचारायला सुरुवात केली. एका वाजवणाऱ्याने किंमत वाढवायची, की लगेच दहा न वाजवणाऱ्यांनी ती उचलून कुलपात घालायची. मग नव्या पोराने कशावर शिकायचे? ज्या गिटारीचे एकमेव भूषण ती परवडते हे होते, तिलाही आता पांढरे हातमोजे!

‘पण मामा, जपायला नको का?’ हा भाच्याचा हुकमाचा एक्का. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या वयोमानाने कुजतात. त्यातून आम्लाची वाफ सुटते, बंद पेटीत ती कोंडते, आणि मग पट्टी तर जातेच, धातूचे भाग गंजतात, शेजारणीलाही लागण होते. आवाजाची बटणे वर्षानुवर्षे फिरवली नाहीत की ती खरखरतात. थोडक्यात, कोंडून ठेवलेले वाद्य तरुण राहत नाही, निजल्या निजल्या म्हातारे होते. ओल, ऊन, चोर, दारू प्यालेला ड्रमवाला यांपासून वाद्य जरूर जपा. वाजवणाऱ्यापासून कशाला?

जेनोआ शहराकडे पागानिनीचे व्हायोलिन आहे. ग्वार्नेरीने १७४३ साली केलेले. पागानिनीने ते शहराला ठेवले आणि १८४० साली तो गेला. ते आजही बाहेर काढून वाजवतात. त्याच्या नावाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या पोराच्या हाती ते देतात. तोकियोची निप्पॉन म्युझिक फाउंडेशन ही संस्था स्त्रादिवारीची व्हायोलिने विकत घेते आणि वादकांना विनामूल्य वापरायला देते. पावणेतीनशे वर्षांच्या नाजूक व्हायोलिनला मैफल झेपते, आणि १९६४ सालच्या फायबरग्लासच्या नकाशाला म्हणे जपायला हवे! अहो, त्या नकाशावर उभे राहून दिवाळीची जळमटे काढता येतील.

आणि नुसता आकारच भिंतीवर हवा असेल, तर त्याचीही सोय आहे. फ्लाइंग व्हीच्या आकारावर मालकी सांगायला गिब्सन कंपनी युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेली होती. २०१९ साली न्यायालयाने सांगितले, की बाई, तुमचा आकार १९५८ साली अपूर्व असेलही, पण तुम्ही अर्ज केलात २०१० साली, आणि तोवर बाजारात इतके तऱ्हेतऱ्हेचे आकार झाले की केवळ या आकारावरून कुणी तुम्हालाच ओळखील असे नाही. तेव्हा त्या आकाराच्या नव्या गिटारी हव्या तितक्या मिळतात. त्यांतली एक घ्या, खिळा ठोका, टांगा, रोज ओवाळा. मी तबकात निरांजन लावून देतो.

मी भाच्याला एक साधी तोड सुचवली आहे. शिकागो हे ब्लूजचे पंढरपूर. गल्लोगल्ली रात्री वाजवणारी पोरे आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांकडे धड गिटार नाही. महिन्यातून एका रात्री एकोणिसांतली एक बाहेर काढायची, एखाद्या पोराच्या गळ्यात घालायची आणि आपण समोर खुर्ची टाकून बसायचे. विमा उतरव, कागदावर सही घे, हवे तर गिटारीला साखळीने स्वतःशी बांधून घे.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘आणि तार तुटली तर?’

‘तर दुसरी घाल.’

‘मामा, ओरिजिनल तार आहे ती!’