फोगो बेटाला कोणी तारले?

समुद्रकाठच्या उजाड गावांना चित्रकार, लेखक, चित्रपटकार आणि संगीतकार यांचे पाय लागले की तेथे सुबत्ता येते, असा एक सिद्धांत नियोजनकारांच्या आणि दानशूर धनिकांच्या वर्तुळात रूढ होऊ लागला आहे. मासळी संपली, तरुण शहराकडे गेले, हरकत नाही! कलावंतांसाठी निवास बांधा, त्यांच्यामागून प्रवासी येतील आणि प्रवाशांमागून पैसा येईल. पुरावा म्हणून कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळील फोगो बेटाकडे बोट दाखवले जाते. म्हणूनच या बेटाचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आज फोगोवर जे दिसते ते आकर्षक आहे यात संशय नाही. जेमतेम दोन हजार वस्तीच्या या बेटावर खडकांच्या कडेला चार स्टुडिओ उभे आहेत. निरनिराळ्या क्षेत्रांतील कलावंत देशोदेशींहून येऊन तेथे राहतात व काम करतात. हा उपक्रम २००८ साली सुरू झाला; २०१३ साली २९ खोल्यांचे आलिशान अतिथिगृहही उघडले. तेथील एका रात्रीचे भाडे हजार कॅनडियन डॉलरहून कितीतरी अधिक आहे. या साऱ्यामागे झिटा कॉब यांची ‘शोअरफास्ट’ ही धर्मादाय संस्था आहे. कॉबबाई याच बेटावर मच्छीमाराच्या घरी जन्मल्या आणि पुढे प्रकाशतंतूंच्या उद्योगात त्यांनी संपत्ती मिळवली. अतिथिगृहाचे शिल्लक उत्पन्न बेटाच्या कामीच लावले जाते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आक्षेप त्यांच्या हेतूवर नाही. त्यांच्या उदाहरणावरून जो निष्कर्ष काढला जातो, त्यावर आहे.

कारण हे बेट तारण्याची लढाई त्याआधी चाळीस वर्षे लढली गेली होती. न्यूफाउंडलंडमध्ये पिढ्यान् पिढ्या व्यापारी मच्छीमाराला रोख पैसा न देता हंगामापूर्वी जिन्नस उधारीवर देत. हंगामाच्या अखेरीस मासळीचा भाव तेच ठरवीत आणि उधारी वळती करून घेत. नफा आटताच व्यापाऱ्यांनी फोगोतून काढता पाय घेतला. सरकारपाशी एकच उत्तर होते : गावे उठवा! १९५४ ते १९७५ या काळात त्या प्रांतातील सुमारे ३० हजार माणसांना आपली गावे सोडावी लागली. फोगोच्या रहिवाशांनी मात्र संघटनेचा मार्ग धरला. १९६७ साली त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली, मोठ्या नौका स्वतः बांधल्या आणि मासळीवर प्रक्रिया करण्याचे काम हाती घेतले.

या लढाईत कलावंतही होता, हे विशेष. १९६७ सालीच राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तेथे २७ लघुपट तयार केले. ते प्रथम बेटावरच्या लोकांनाच दाखवले गेले; त्यांच्या संमतीनंतरच बाहेर गेले. पंथापंथांत आणि गावागावांत विभागलेल्या लोकांना आपले दुःख समान आहे हे पडद्यावर दिसले. मंत्र्याचे उत्तरही चित्रित होऊन बेटावर आले. येथे कॅमेरा कोणाला जबाबदार होता? श्रमिकाला! आजचा निवासी कलावंत कितीही प्रामाणिक असला तरी त्याची निवड श्रमिक करीत नाही, आणि त्याची कृती बहुधा दूरच्या संग्रहालयाची वाट धरते.

दुसरे संकट १९९२ साली आले. परदेशी आणि पुढे देशी कंपन्यांच्या अजस्र जहाजांनी कॉड मासळीचा साठा खरवडून काढला होता. सरकारी अंदाज मात्र भरपूर मासळी असल्याचे सांगत राहिले. अखेर २ जुलै १९९२ रोजी उत्तरेकडील कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली. ती २०२४ सालापर्यंत टिकली. पुन्हा सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. फोगोची सहकारी संस्था खेकडे आणि कोळंबीकडे वळली आणि तगली. अतिथिगृह उघडायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता!

वस्तुस्थिती अशी की कलावंत जिवंत बेटावर आले, मेलेल्या नव्हे. आणि ते जिवंत राहिले ते संघटित श्रमामुळे. २९ खोल्यांच्या भाड्याने जोडधंदा चालेल, एखाद्या किनाऱ्याचा संसार चालणार नाही. शिवाय सहकारी संस्थेत सभासद एक, मत एक. धर्मादाय संस्थेत अंतिम शब्द विश्वस्तांचा. दाता कितीही उदार असला तरी दान म्हणजे हक्क नव्हे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी हा धडा नीट वाचला पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावरही पर्ससीन नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार झगडत आले आहेत. २०१६ साली राज्य सरकारने या नौकांवर निर्बंध घातले. पण निर्बंध कागदावर असणे वेगळे आणि समुद्रात पाळले जाणे वेगळे. अशा मच्छीमाराच्या हाती पर्यटनाचे आणि कलानिवासांचे आमिष ठेवून त्याचा समुद्रावरील हक्क काढून घेतला जाणार असेल, तर तो व्यवहार निःसंकोच नाकारला पाहिजे.

कलावंतांनी किनाऱ्यावर अवश्य यावे. मात्र निवड समितीत मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचे प्रतिनिधी असावेत, निर्मिती प्रथम गावात दाखवली जावी आणि मासळी उतरविण्याची व सुकविण्याची जागा कोणत्याही निवासासाठी घेतली जाऊ नये. या अटी ज्याला जाचक वाटतील, त्याला समुद्राचा देखावा हवा आहे. समुद्रावर जगणारी माणसे नकोत.