भोगवट्याआधी उतार

कागल पंचतारांकित एमआयडीसीतील ज्या नव्या दुकानगाळ्यात चाकाची खुर्ची विनासायास शिरू शकत नाही, त्याला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी अवैध ठरवला. येथे नियोजन प्राधिकरण खुद्द औद्योगिक विकास महामंडळच असल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

अपंग कामगाराला कारखान्यात नोकरी मिळते. पाळी सुटल्यावर मात्र औषधाच्या दुकानासमोर रस्त्यावर थांबून दुसऱ्याकरवी वस्तू मागवावी लागते. भाव विचारणे, तारीख तपासणे, नको असेल ते परत ठेवणे ही साधी ग्राहकीही त्याच्या वाट्याला येत नाही. ‘उतार आहे की’ असे दुकानदार सांगतात, तो बहुधा स्कूटर आत ढकलण्यासाठी ओतलेला कोबा असतो. निकष एकास बाराचा आहे. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार हवा. ती जागा आराखड्यातच सोडावी लागते, मागाहून गटारावर फरशी टाकून भागत नाही.

नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली त्या कोल्हापुरात हे लिहावे लागते, याची लाज वाटते.

महामंडळाने जुन्या गाळ्यांचीही तपासणी करून यादी जाहीर करावी आणि मुदत द्यावी. ती उलटल्यास 2016 च्या अपंग हक्क कायद्याचे 89 वे कलम लावावे: पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, पुढे 50 हजार ते 5 लाख रुपये दंड.