मांजर, कुकरची शिट्टी आणि 'आवाज शेवटी'

बऱ्याच दिवसांत इकडे लिहिणं झालं नाही. धाकट्या जाऊबाईंनी फोनवर हटकलंच, "वहिनी, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला हो! सध्या नातवाबरोबर स्क्रॅचमध्ये अडकले आहे, आणि त्यातल्या एका गोष्टीवरून त्याच्या क्लासवाल्यांशी माझं पटत नाहीये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्क्रॅच म्हणजे मुलांचं प्रोग्रॅमिंग. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं, तेही फुकट. आता क्लासमधला क्रम बघा: आधी चित्र, मग हालचाल, मग गुण मोजणं, आणि वेळ उरलाच तर आवाज. आवाजाला मार्क नाहीत म्हणे. गंमत अशी की 'स्क्रॅच' हे नावच आवाजावरून आलंय. डीजे लोक तबकडी हाताने मागेपुढे घासून जो खर्र-खर्र आवाज काढतात, तो स्क्रॅच!

माझं म्हणणं, आवाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आणा. का, ते सांगते.

नातवाची गोष्ट अशी: मांजर ओट्यावरच्या दुधाकडे चाललंय, कुकरची शिट्टी होते, मांजर धूम पळतं. शिट्टी आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. आवाजाच्या पानावर माइकचं चित्र दाबायचं आणि वाट बघत बसायचं. (डाळ शिजली ती वेगळीच.) पुढची शांतता कापून टाकली, उरली चार सेकंदांची शिट्टी. मग त्याने 'प्ले साउंड अन्टिल डन' हा ठोकळा लावला आणि त्याखाली पळण्याचे ठोकळे. झालं काय, मांजर शिट्टी संपेपर्यंत समेची वाट बघणाऱ्या श्रोत्यासारखं बसून राहिलं, आणि मग पळालं! कारण 'अन्टिल डन' म्हणजे आवाज पुरा होईपर्यंत त्या रांगेतल्या पुढच्या ठोकळ्याने थांबायचं. त्याऐवजी 'स्टार्ट साउंड' लावला, तर शिट्टी सुरू होते आणि पुढचा ठोकळा लगेच कामाला लागतो. शिट्टीही वाजतेय, मांजरही पळतंय.

मग त्याला वाटलं, मांजर कुकरला शिवलं की शिट्टी व्हावी. म्हणून 'फॉरेव्हर'च्या पोटात 'जर शिवलं तर' आणि त्याच्या पोटात 'स्टार्ट साउंड'. आता शिट्टी होईचना, नुसती तडतड. मांजर शिवलेलं आहे तोवर चक्र पुन:पुन्हा फिरतं, आणि दर फेरीला शिट्टी पहिल्यापासून सुरू होते. पुढे जायला उसंतच नाही. उपाय सोपा, शिट्टीखाली 'शिवणं सुटेपर्यंत थांब' असा एक ठोकळा. पण तो त्याला स्वत:ला सुचायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि मी त्या लागू दिल्या.

सांगा, हे शिकवणं 'वेळ उरला तर' करायचं? कोण कोणासाठी थांबतं आणि काय एकाच वेळी चालतं, हा प्रोग्रॅमिंगचा गाभाच असावा, असं माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या बीएलासुद्धा दिसतं. चित्रात अशी चूक डोळ्यांआड होते. कानाला मात्र ती लगेच टोचते.

दुसरं म्हणजे तयार आवाजांची पेटी. त्यातलं म्यांव गोड आहे, पण ते सगळ्यांचंच म्यांव. मुलांना स्वत:चा आवाज घालू द्या. आपला आवाज ऐकून लाजतात, मग पुन्हा म्हणतात, उच्चार सुधारतात. हे मी वर्गात ओरडून कधी साधलं नव्हतं! फक्त प्रोजेक्ट स्क्रॅचच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवणार असाल, तर रेकॉर्डिंगमध्ये नाव, शाळा, पत्ता बोलू देऊ नका.

आणि सिनेमाची गाणी नकोत. तिथे ठेवलेला प्रोजेक्ट कोणालाही घेऊन बदलता येतो, तोच तर तिथला रिवाज आहे. जे गाणं आपलं नाही ते आपण कसं वाटणार? सूर हवेच असतील तर 'म्युझिक' नावाची जोड आहे. तिच्यात स्वराला आकडा असतो. ६० हा सा धरला तर ६२ रे, ६४ ग, ६५ म, ६७ प. पेटी शिकलेल्या मुलाला सांगावंही लागत नाही, ६१ ही मधली काळी पट्टी.

क्लासवाल्यांची अडचण मला कळते. एका खोलीत वीस यंत्रं म्यांव करू लागली तर शिकवणार कसं? मग हेडफोन आणायला सांगा, नाहीतर आळीपाळीने पाचपाच जणांना आवाज द्या. आम्ही वर्गात सामुदायिक पाढे म्हणून घेत होतो, तेव्हा शेजारचे वर्ग चालतच होते की.

सध्या नातवाला 'लाउडनेस' नावाचा ठोकळा सापडला आहे. माइकला किती मोठा आवाज ऐकू येतो, ते तो ० ते १०० मध्ये सांगतो. ३० च्या वर गेला की मांजर पळतं, असं त्याने जुळवलंय. त्यामुळे रात्री साडेनऊपर्यंत घरात टाळ्या चालू असतात. काल शेजारच्या काकांनी दार वाजवून विचारलं, आज आरती एवढ्या उशिरा कशी?